दगूअण्णांच्या टाकीचं कुलूप

दगूअण्णांना कुणी रामराम घातला, की ते आधी मागं वळून बघायचे. मागं कुणी नाही, म्हणजे रामराम आपल्यालाच, अशी खात्री झाली की मग विचारायचे, "का बरं?" आता रामरामाला कसलं आलंय 'का बरं'? पण अण्णांना ते लागायचं. लग्नाची पत्रिका आली, का बरं? बोअरचं पाणी वाढलं, का बरं? त्यांच्या बायकोनं, सुमनकाकूंनी, एखाद्या दिवशी न सांगता आलं घालून चहा केला, तर बशीतल्या चहाकडं बघत तेच. चाळीस वर्षं त्या माणसाबरोबर संसार केलेल्या काकू शांतपणे म्हणायच्या, "आलं शिळं होत होतं म्हणून." मग अण्णा चहा प्यायचे. कारण वाईट असलं की त्यांचा विश्वास बसायचा.

लासलगावच्या अलीकडं आमचा मळा, आणि बांधाला बांध लागून अण्णांचा. मी नाशिकची, पंचवटीत वाढलेली, लग्न होऊन इथं आले. पहिल्या होळीला सासूबाईंनी पुरणपोळ्यांचं ताट देऊन मला अण्णांकडं धाडलं. अण्णा ओट्यावर बसलेले. त्यांनी फडक्याचं एक टोक उचलून आत बघितलं, मग माझ्याकडं बघितलं. "का बरं?" मी म्हटलं, "होळी आहे ना, अण्णा." तर म्हणाले, "होळी आमच्याकडं बी हाय." मी रडायचीच बाकी होते. काकूंनी आतून येऊन ताट घेतलं आणि मला बजावलं, "मनावर घेऊ नको गं. देवानं प्रसाद दिला तरी हे इचारतील."

संध्याकाळी अण्णा स्वतः ताट परत घेऊन आले. ताट रिकामं धाडत नाहीत, म्हणून त्यात द्राक्षाचे घड होते. म्हणाले, "गोड हायत. प्रत्येक घडातला एकेक मणी खाऊन बघितलाय." आणि खरंच, प्रत्येक घडाचा एकेक मणी गायब होता. नवऱ्याला दाखवलं तर तो पोट धरून हसला. त्या दिवसापासून मला अण्णांचा राग म्हणून कधी येईना, आणि नंतर जो आला तो एकदाच, पण असा आला की अजून पुरता गेलेला नाही.

गावात त्यांची टिंगल सगळे करायचे, पण अडलं की त्यांच्याकडंच जायचे. एका साली कुणी बाहेरचा व्यापारी कांद्याचं बी घेऊन आला. पाकीट चकचकीत, बोलणं गोड. गाव तुटून पडलं. अण्णांनी मूठभर बी ओल्या फडक्यात बांधून माठाखाली ठेवलं आणि रोज उघडून बघू लागले. मग एका सकाळी बांधावर उभं राहून माझ्या नवऱ्याशी एवढं कडाक्याचं भांडले, की मला वाटलं बांध सरकवला कुणी. भांडण होतं ते आम्ही ते बी टाकू नये म्हणून. वैतागून आम्ही ते नाही टाकलं, घरचंच जुनं बी टाकलं. गावातल्या निम्म्या लोकांची रोपं उगवलीच नाहीत, आणि आमची हिरवीगार होती. मी आभार मानायला गेले, तर त्यांनी मागं वळून बघितलं.

कुत्र्याची गोष्ट तर अजून सांगतात लोक. राखणीला म्हणून अण्णांनी कुत्रं पाळलं. कुत्रं गुणी निघालं, सगळ्यांवर भुंकायचं, फक्त निवृत्तीवर नाही. निवृत्ती म्हणजे अण्णांचा ड्रायव्हर. तो दिवसभर मळ्यात असायचा, भाकरीचा तुकडा टाकायचा, कुत्रं त्याच्यावर भुंकेल कशाला? पण अण्णांनी कुत्र्यावरच संशय घेतला. म्हणाले, हे फितूर हाय. कुत्रं काकूंच्या माहेरी गेलं आणि राखण पुन्हा अण्णांकडं आली.

निवृत्तीवर मात्र तेव्हा त्यांनी संशय घेतला नाही. हे मुद्दाम सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच गेलं. मिसरूड फुटायच्या आधीपासून तो अण्णांकडं होता. अण्णांना मूलबाळ नव्हतं. निवृत्ती आणि तो ट्रॅक्टर, एवढंच त्यांचं गणगोत म्हणा ना. ट्रॅक्टर इतका जुना की मूळचा रंग कोणता यावर गावात वाद व्हायचे. पण निवृत्तीच्या हातात तो शहाण्यासारखा चालायचा. सकाळी इंजिनाचा पहिला ठोका ऐकूनच निवृत्ती सांगायचा, आज फिल्टर साफ करावा लागणार. अण्णा म्हणायचे, "का बरं?" निवृत्ती हसायचा आणि पाना घ्यायचा. दोघांचं जमायचं ते असं.

त्या पावसाळ्यात बाजाराला कांदा घेऊन गेलेल्या ट्रॅक्टरांमधून डिझेल चोरीला जाऊ लागलं. लिलावासाठी ट्रॅक्टर रांगेत उभे असतात, ड्रायव्हर चहाला गेला की कुणीतरी टाकीत नळी घालून ओढून घेतं. अण्णांकडं डिझेल मोजायला एक वेताची काठी होती, तिच्यावर खुणा केलेल्या. काठीनं दाखवलं की डिझेल लवकर संपतंय. आता म्हातारा ट्रॅक्टर, पिणारच थोडं जास्त. पण अण्णांना ते पटेना. त्यांनी गावातल्या वेल्डरकडून टाकीच्या झाकणाला कडी लावून घेतली, झाकणाखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा कापून घट्ट बसवला आणि वर पितळी कुलूप ठोकलं. किल्ली कमरेच्या करगोट्याला. निवृत्तीला किल्ली नाही. हिरा, त्याची बायको, आमच्या वावरात तण निंदायला यायची, ती मला म्हणाली, "यांना लय लागलं ते. पण म्हनत्यात, अण्णांचा सभावच हाय."

कुलूप लागलं आणि ट्रॅक्टर बंद पडायला लागला.

सकाळी एका दमात चालू व्हायचा. मळ्यातल्या मळ्यात फिरवला तर कुरकुर नाही. पण कांदाचाळीत साठवलेला कांदा भरून निवृत्ती लासलगावच्या रस्त्याला लागला, की निम्म्या वाटेवर इंजिन घुसमटायचं, आचके द्यायचं आणि मरायचं. ट्रॅक्टरला डिझेल पोचत नाही हे तर आंधळ्यालाही कळेल. पण का पोचत नाही? निवृत्ती खाली उतरायचा, फिल्टरवरचा हवा काढायचा बोल्ट ढिला करायचा आणि तिथलाच छोटा हातपंप मारत बसायचा. पाइपात हवा शिरली असेल तर आधी बुडबुडे येतात, मग डिझेल येतं. त्याला ना धड बुडबुडे यायचे, ना डिझेल. कंटाळून तो अण्णांना फोन लावायचा.

अण्णा कुणाच्या तरी मोटरसायकलवर मागं बसून हजर. आल्या आल्या पहिलं काम काय? कुलूप काढायचं, झाकण उघडायचं आणि काठीनं डिझेल मोजायचं. रस्त्यावर ट्रकचे भोंगे, बघ्यांची बडबड, त्यात अण्णांचं स्वतःचं तोंड चालू. डिझेल भरपूर असायचं. मग निवृत्ती पुन्हा हातपंप मारायचा आणि या खेपेला डिझेल बोल्टातून उसळून यायचं. ट्रॅक्टर चालू.

अण्णा आले की चालू, अण्णा नसले की बंद. एकदा नाही, प्रत्येक खेपेला. यातून अण्णांसारख्या माणसानं काय अर्थ काढावा?

तरी त्यांनी आधी बाकीच्यांवर संशय घेऊन बघितला, एवढं त्यांच्या बाजूनं बोललं पाहिजे. पंपावरचं डिझेल काचेच्या बाटलीत घेऊन उन्हात धरलं, पाणी आहे का बघायला. स्वच्छ निघालं. लासलगावहून फिटर आणला. त्यानं फिल्टर बदलला, पाइपाच्या जोडाची तांब्याची वायसरं बदलली, अण्णांनी कुलूप काढून दिल्यावर टाकीतला कचरा बघितला. ट्रॅक्टर उभ्या जागी चालवून दाखवला, झकास चालला. पुढच्या खेपेला तो पुन्हा रस्त्यात मेला. आता उरलं कोण?

पुढचं मी डोळ्यांनी बघितलं नाही, पण बघणाऱ्या सगळ्यांनी सारखंच सांगितलं. फाट्यावर चहाच्या टपरीपाशी ट्रॅक्टर बंद पडला होता. मागं कांद्याची भरलेली ट्रॉली, वर आभाळ भरून आलेलं. सकाळचा लिलाव गेल्यात जमा. अण्णा आले, कुलूप काढलं, काठी घातली आणि ट्रॅक्टर चालू झाला. तेव्हा टपरीवरच्या सगळ्या लोकांसमोर अण्णा निवृत्तीला म्हणाले, "पाइपातून डिझेल काढून इकतो तू. म्हणून हवा धरतोय ट्रॅक्टर. कुलूप लावलं तरी तुझी खोड जाईना."

निवृत्तीनं फडक्यानं हात पुसले. म्हणाला, "अण्णा, हे बोलायला नको होतं." आणि चालत घरी निघून गेला.

ड्रायव्हरकडं दुसरं काय असतं हो? शिक्षण नाही, जमीन नाही. मालक डोळे झाकून ट्रॅक्टर हवाली करतो, ती त्याची कमाई. अण्णांसारखा संशयी म्हातारा इतकी वर्षं ज्याच्यावर विसंबला, तोच अण्णा त्याला चोर म्हणाला, म्हणजे मग असेलच चोर, असं गाव म्हणालं. निवृत्तीला कुणी ट्रॅक्टरला हात लावू देईना. तो दुसऱ्यांच्या वावरात खुरपं घेऊन बसायला लागला. हिरा आमच्याकडं यायची, पण मान वर करायची नाही. मी एकदा म्हटलं, "अगं, ओळखतो आम्ही त्याला." ती म्हणाली, "तुमी वळखून काय उपेग, ताई? चावी कुनी देत नाय."

इकडं अण्णा स्वतः ट्रॅक्टर चालवायला लागले. आणि काय सांगू, ट्रॅक्टर बंदच पडेना! कारण आता उघड आहे, पण तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही. अण्णा जिथं थांबतील तिथं कुलूप काढून आधी डिझेल बघायचे. गावभर सांगत सुटले, "चोर गेला, दुखणं गेलं." खरं सांगते, थोडा वेळ मलासुद्धा शंका चाटून गेली. संशय असाच असतो, गोचिडीसारखा. एकाच्या अंगावरचा दुसऱ्याच्या अंगावर कधी चढतो, कळत नाही.

गणपती उठले आणि पाऊस उघडला. कांद्याच्या लावणीसाठी आमचं खालचं वावर करायचं होतं. नवरा कामाला नाशिकला गेलेला. अण्णा म्हणाले, मीच रोटर मारून माती मोकळी करून देतो. सकाळी टाकी भरून, कुलूप लावून आले आणि कामाला लागले. वावर एकसंध, मध्ये थांबायचं काही कारण नाही. आणि स्वतःच गादीवर बसलेले असल्यामुळं डिझेल मोजायचंही कारण नाही. मी चहा घेऊन बांधावर पोचले तेव्हा वावर अर्ध्याच्या वर झालं होतं. तेवढ्यात इंजिन घुसमटलं, दोन आचके दिले आणि बंद.

अण्णा गादीवरच बसून राहिले. चौफेर बघितलं. वावरात एक मी आणि एक बगळा. मग मला विचारलं, "सकाळी हितं कोण आलं होतं का?" मी म्हटलं, "कुणी नाही, अण्णा." तर त्यांनी मातीकडं बघितलं. म्हणाले, "तुमच्या वावरालाच काय दोष हाय का?"

खाली उतरले. बोल्ट ढिला करून हातपंप मारला, काही येईना. फिल्टरकडं जाणारा पाइप जोडापासून सोडवला. टाकी भरलेली, पाइप खाली लोंबतोय, धो धो यायला पाहिजे. थेंब थेंब आलं आणि थांबलं. अण्णा पाइपाला तोंड लावून फुंकून बघायला वाकले, आणि मग काय मनात आलं कोण जाणे, उठून करगोट्याची किल्ली काढली आणि कुलूप उघडलं.

झाकण ढिलं झालं मात्र, टाकीनं श्वास घेतला. सूंऽऽ असा लांबलचक. शांत वावरात तो मला बांधावर ऐकू आला. आणि त्याच क्षणी खाली लोंबणाऱ्या पाइपातून डिझेलची धार सुटली, थेट अण्णांच्या लेंग्यावर.

त्यांनी झाकण पुन्हा दाबून बसवलं. धार बारीक होत होत थांबली. उघडलं, धार आली. पुन्हा बसवलं. पुन्हा उघडलं. लेंगा भिजला, चपला भिजल्या, म्हातारा आपला झाकण लावतोय आणि काढतोय. मग झाकण उलटं करून त्यांनी नखानं काहीतरी खरवडलं. मी जवळ गेले. झाकणाला मुळात सुईएवढं एक भोक असतं, डिझेल खर्च होईल तशी आत हवा जायला. ते अण्णांनी खिडकीच्या काचेला लावतात ती लांबी भरून बुजवलं होतं. एवढ्याशा भोकातून कोण चोरणार? पण भोक दिसलं आणि यांना संशय आला, की इंजेक्शनच्या सुईनं कुणी ओढून घेईल. त्यावर ट्यूबचा तुकडा आणि त्यावर कुलूप. टाकीत हवा जायला जागाच नाही, मग डिझेल बाहेर येणार कसं? आणि किल्ली असायची अण्णांकडं. ते आले की झाकण उघडायचं, हवा आत जायची आणि ट्रॅक्टर चालू व्हायचा.

मला हे सगळं त्यांनी सांगितलं नाही, झाकण बघूनच समजलं; सुईचं तेवढं पुढं काकूंनी सांगितलं. ते नुसते झाकणाकडं बघत होते, आणि मी त्यांच्याकडं. मग म्हणाले, "चहा निवला का गं?" चहा घेतला, पाइप जोडला, उरलेलं वावर पुरं केलं आणि गेले.

आता संशय घ्यायची पाळी माझी होती. आज सांगतील, उद्या सांगतील, म्हणून वाट बघितली. अण्णा गप्प. कुणीतरी ट्रॅक्टरचं विचारलं, तर म्हणाले, "झाला नीट." काय झालं होतं, तर म्हणे, "जुनं यंत्र हाय." माझं डोकंच फिरलं. वा रे वा! चोर म्हणायला फाटा लागला, आणि चूक कळली तर तोंडाला कुलूप? म्हातारा हे असंच मुरवणार, अशी माझी खात्री झाली. शेवटी मी काकूंना जाऊन सगळं सांगितलं. म्हटलं, तुम्ही नाही बोललात तर मी बोलणार, मग बांधाला बांध राहो की न राहो.

काकूंना ठाऊक होतं. म्हणाल्या, "मला त्याच दिवशी सांगितलंय त्यांनी. तवापासून घास उतरत नाय त्यांच्या घशाखाली. रोज म्हनतात, उद्या जातो. त्यांना वाटतंय, निवृत्ती दारात उभं करनार नाय." मग म्हणाल्या, "खंडेनवमीला जानार हायत. तू संग जा बाई. हे तिथं जाऊन भलतंच बोलतील."

खंडेनवमीला आमच्याकडं ट्रॅक्टर धुऊन पुजतात. झेंडूची माळ, हळदकुंकू, चाकाखाली लिंबू. नारळ फोडायचा मान ड्रायव्हरचा, मालकाचा नाही. मालकानं ड्रायव्हरला टॉवेल-टोपी करायची. त्या दिवशी गावातले झाडून सगळे ट्रॅक्टर माळा घालून उभे होते, एक अण्णांचा सोडून. तो त्यांनी नुसता धुतला होता. ताटात पूजेचं सामान माझ्या मांडीवर, मी बाजूच्या मडगार्डवर अंग चोरून बसलेली, आणि अण्णा बिनमाळेचा ट्रॅक्टर गावातून चालवत निवृत्तीच्या दारात घेऊन गेले. मागं लोक जमत गेले. सगळ्यांना वाटलं, आता भांडण होणार.

निवृत्ती बाहेर आला. अण्णांनी इंजिन बंद केलं. खाली उतरले नाहीत, गादीवरूनच बोलले, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "झाकणाचं भोक मी बुजवलं होतं. म्हणून डिझेल येत नव्हतं. निवृत्तीनं थेंब घेतला नाय. फाट्यावर मी त्याला चोर म्हनलो, ते खोटं होतं." मला धास्ती होती तसं भलतं काही बोलले नाहीत. 'पण' नाही, 'तरी' नाही. मग खाली उतरले आणि टॉवेल-टोपी त्याच्यापुढं धरली.

निवृत्तीनं ती घेतली, डोक्याला लावली. माझ्या मांडीवरचं ताट उचललं. बोनेटवर हळदकुंकू वाहिलं, माळ बांधली, एका चाकापुढं लिंबू ठेवलं, मग दुसऱ्यापुढं. कुठंही घाई नाही. नारळ फोडला, खोबऱ्याचे तुकडे केले आणि पहिला तुकडा अण्णांच्या हातावर ठेवून वाकून पाया पडला. हिरा दारात उभी राहून पदरानं डोळे पुसत होती. लोकांनी सुटकेचा श्वास सोडला. एक बागायतदार तर तिथल्या तिथं म्हणाला, "निवृत्ती, उद्यापासून माझ्याकडं ये." मलाही भरून आलं.

अण्णा ट्रॅक्टरवर चढले. पण गादीवर बसले नाहीत, गादीच्या पलीकडच्या मडगार्डवर बसले. गादी रिकामी ठेवली. निवृत्ती खालीच उभा होता, नारळाची शेंडी हातात. अण्णांनी त्याच्याकडं बघितलं, मग हळूच म्हणाले, "मला संशय येतोय, तू यायचा नाय."

निवृत्तीच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं. तो अगदी आपुलकीनं म्हणाला, "या खेपेला तुमचा संशय खरा हाय, अण्णा."

अण्णांनी मान हलवली. सरकून गादीवर आले आणि ट्रॅक्टर चालू केला.

त्यानंतर दोनेक वर्षांत अण्णा गेले, पण मला ते आठवतात ते त्या वाटेवरचे. मी शेजारीच बसले होते. त्यांनी एकदाही मागं वळून बघितलं नाही. मी बघितलं. निवृत्ती दारातून रस्त्यावर आला होता आणि उभा राहून कान देऊन ऐकत होता. ओहोळ ओलांडून चढ लागतो, तिथं इंजिनावर सगळा भार येतो. तिथं तरी एकदा ते घुसमटावं, आचके द्यावेत, बंद पडावं, म्हणजे निवृत्ती पाना घेऊन धावत आल्याशिवाय राहणार नाही, असं मला फार वाटत होतं. मी मनातल्या मनात देवाला म्हटलंसुद्धा. पण ट्रॅक्टर आता नीट झाला होता. तो एका दमात चढ चढला.